दवाखान्याच्या संगणकात तुमचं नाव काय आहे?

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, पण पापाटोएटोतल्या बहुतेक मराठी घरांत तो दर दोन-तीन महिन्यांनी डोकं वर काढतो. जीपीकडे फोन केला की पलीकडून उत्तर येतं, "पोर्टलवरून बुक करा." रिपोर्ट विचारला तर तोही पोर्टलवर. गोळ्या संपल्या तरी पोर्टलच. आणि आता डॉक्टरांच्या टेबलावर एक फोन किंवा माइक ठेवलेला असतो, तो तुमचं बोलणं ऐकून आपोआप नोंदी लिहितो. हे सगळं काय आहे, त्यात आपल्या लोकांचं नेमकं कुठे अडतं आणि काय तपासून घ्यायचं, ते आज सांगतो. माझं काम सॉफ्टवेअर सल्लागाराचं आहे. डॉक्टर मी नाही, त्यामुळे औषधाचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका.

आधी एक मूलभूत फरक. महाराष्ट्रात आपली फाइल आपल्याकडे असते. घरोघरी एक प्लास्टिकची पिशवी असते, त्यात एक्स-रे, सोनोग्राफी, दहा वर्षांपूर्वीचे लॅबचे कागद आणि डॉक्टरांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या. डॉक्टर बदलले की पिशवी घेऊन निघायचं. इथे पिशवी दवाखान्याकडे असते आणि ती संगणकात असते. रिसेप्शनच्या पडद्यावर जे उघडतं त्याला प्रॅक्टिस मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. न्यूझीलंडमध्ये मेडटेक, इंडिची, मायप्रॅक्टिस अशी मोजकीच नावं त्यात आहेत. अपॉइंटमेंट, बिल, सरकारी अनुदानाचा हिशोब, औषधं, लॅबचे निकाल, लसी, पुढच्या तपासणीची आठवण, सगळं त्यातच. तुम्ही फोनवर पाहता ते मॅनेज माय हेल्थ किंवा मायइंडिचीसारखं पोर्टल म्हणजे त्या मोठ्या खोलीची एक छोटी खिडकी. खिडकीत काय दाखवायचं हे दवाखाना ठरवतो. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन घरांना एकाच नावाच्या पोर्टलवर वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. एकाला डॉक्टरांच्या पूर्ण नोंदी दिसतात, दुसऱ्याला फक्त रिपोर्ट.

पिशवी आपल्या हातात नसल्यामुळे तिच्यात चुकीचं काही शिरलं तर आपल्याला पत्ताच लागत नाही. शिवाय दवाखाना बदलला की जीपीटूजीपी नावाच्या सोयीने ती फाइल एका संगणकातून दुसऱ्यात जाते. सोय उत्तम आहे, पण चुकाही तिच्याबरोबर नव्या घरी राहायला जातात.

पहिली चूक नावाची. आपली पद्धत तुम्हाला माहीतच आहे. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. भारतीय पासपोर्टवर पहिली दोन बहुतेक वेळा एकाच रकान्यात छापलेली असतात, म्हणून इथल्या व्हिसावर बाईंच्या नावात नवऱ्याचं नाव चिकटून येतं. रिसेप्शनवरच्या माणसाने ते मधलं नाव म्हणून टाकलं, तर लॅबमधल्याने दोन्ही मिळून पहिलं नाव म्हणून टाकलं. लग्नाआधी विद्यार्थी म्हणून आलेल्या मुलीची माहेरच्या नावाने एक नोंद असते आणि लग्नानंतर दुसरी होते. त्यात स्पेलिंग. वैशालीला व्ही की डब्ल्यू, शिंदेला शेवटी ई की वाय, हे ज्याने त्याने आपापल्या कानाने ठरवलेलं असतं.

आणि जन्मतारीख! आपल्याकडे सत्तरीच्या पुढच्या किती मंडळींची तारीख १ जून आहे ते आठवा. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती. संगणक माणसं जुळवताना नाव आणि जन्मतारीख यांवरच भर देतो. एकाच भागातल्या दोन पाटीलआजी, दोघींची तारीख १ जून आणि सालही तेच, असं झालं तर संगणकाचा गोंधळ होणं साहजिक आहे.

यावर या देशाने काढलेला उपाय म्हणजे एनएचआय क्रमांक. तीन अक्षरं आणि चार आकडे, असा सात खुणांचा. त्यात इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, म्हणजे टाइप करताना हात चुकला की बहुतेक वेळा संगणक लगेच अडवतो. जुन्या रचनेतले क्रमांक संपत आल्यामुळे नव्या रचनेचे क्रमांक येत आहेत. त्यांत शेवटी आकड्यांबरोबर अक्षरंही असतील. तुमचा जुना क्रमांक आहे तोच राहील. पण एका माणसाचे दोन एनएचआय झाले तर एकावर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली आणि दुसऱ्यावर कोरी जागा, असं होऊ शकतं. मिडलमोरच्या आपत्कालीन विभागात रात्री दोन वाजता कोणता क्रमांक उघडेल हे आपल्या हातात नाही. म्हणून पुढच्या वेळी जीपीकडे गेलात की एवढंच विचारा: माझा एनएचआय काय आहे, आणि माझ्या नावावर दुसरा कुठला निघतो का? दोन निघाले तर ते जोडता येतात. हॉस्पिटलच्या पत्रावर छापलेला क्रमांक आणि जीपीकडचा क्रमांक घरी बसून ताडून पाहिलात तरी अर्धं काम होतं.

आता अशी एक गोष्ट, जिच्याकडे आपण फॉर्म भरताना लक्षच देत नाही. नावनोंदणीच्या फॉर्मवर वंश विचारतात. तिथे इंडियन अशी स्वतंत्र चौकट असते. आपल्यातले काही जण 'अदर'मध्ये जाऊन महाराष्ट्रीयन लिहितात, काही आशियाई लिहितात. इथे जन्मलेली मुलं न्यूझीलंडर लिहितात आणि काही जण "यांना कशाला सांगायचं" म्हणून रिकामं सोडतात. अस्मिता म्हणून महाराष्ट्रीयन लिहिणं मला मनापासून आवडतं, पण या फॉर्मवर नको. कारण त्या चौकटीवर पुढे गणित चालतं.

हृदयविकाराचा धोका मोजण्याची इथली पद्धत २०१८ साली बदलली. ऑकलंड विद्यापीठाच्या प्रेडिक्ट या अभ्यासात न्यूझीलंडमधल्या सुमारे चार लाख लोकांच्या जीपीकडच्या नोंदी वापरून नवी समीकरणं तयार झाली आणि त्याच वर्षी ती लॅन्सेटमध्ये छापून आली. त्यांत भारतीय हा वेगळा गट आहे, कारण बाकी सगळं सारखं असलं तरी युरोपीय वंशाच्या माणसापेक्षा भारतीयाचा धोका जास्त निघाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय सूचनेप्रमाणे, दुसरं काहीही लक्षण नसलेल्या पुरुषाची ही तपासणी पंचेचाळीसाव्या वर्षी आणि बाईची पंचावन्नाव्या वर्षी सुरू करायची. दक्षिण आशियाई पुरुषाची मात्र तिसाव्या आणि बाईची चाळिसाव्या वर्षी. म्हणजे पंधरा वर्षं आधी!

कोणाला बोलवायचं याची यादी बहुतेक ठिकाणी संगणक काढतो. वय अमुक, वंश तमुक, तपासणी झालेली नाही, पाठवा मेसेज. तुमच्या नावापुढे 'अदर' असेल तर तिशीतल्या तुमच्या मुलाला तो मेसेज येईलच असं नाही. पस्तिशीतले, बाहेरून ठणठणीत दिसणारे आपले मुलगे दवाखान्यात जातात तरी कधी? मेसेज आला तरच. तेव्हा रिसेप्शनवर विचारा, माझ्या नावापुढे वंश काय लिहिलाय? बदलायला दोन मिनिटं लागतात.

आता रिपोर्ट. पोर्टलचा सगळ्यात जास्त वापर यासाठीच होतो आणि सगळ्यात जास्त घबराटही यामुळेच होते. कारण इथली मापं वेगळी आहेत. भारतात साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, इथे मिलिमोलमध्ये. इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला ओळखीचा आकडा मिळतो. इथला ७ म्हणजे तिथला १२६. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तिथे टक्क्यांत असते. इथे ४८ असा आकडा दिसला तर तो तिथला ६.५ टक्के, ५३ म्हणजे ७ आणि ६४ म्हणजे ८. न्यूझीलंडमध्ये ४१ ते ४९ ला मधुमेहाच्या आधीची पायरी मानतात आणि ५० पासून पुढे मधुमेह. बाबांनी पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर "माझी ६.८ आहे, तुझी किती?" असं विचारलं आणि तुमची ४२ असेल, तर घाबरू नका, तुमची सहाच्या आसपास आहे. पण निर्धास्तही राहू नका.

सगळ्यात मोठा धक्का क्रिएटिनिनचा बसतो. किडनीची ही तपासणी भारतात ०.९, १.१ अशा आकड्यांत येते. इथे ती मायक्रोमोलमध्ये असते आणि आकडा येतो ८८. "एक पाहिजे तिथे अठ्ठ्याऐंशी!" ८८ म्हणजेच तिथला १. हिमोग्लोबिन उलट सोपं आहे. इथला १२५ म्हणजे तिथला १२.५, फक्त टिंब सरकलं. कोलेस्टेरॉलचा इथला ५ म्हणजे तिथला साधारण १९३. ड जीवनसत्त्वाचा इथला आकडा अडीचने भागायचा, ५० म्हणजे तिथला २०. शाकाहारी घरांत बी ट्वेल्व्ह नेहमी पाहतात. त्याचं इथलं माप पिकोमोलमध्ये आहे आणि आपल्या सवयीच्या आकड्यासाठी त्याला साधारण १.३६ ने गुणावं लागतं. इथे २०० आला तर तो तिथला २७० च्या आसपास.

हे फक्त समजण्यासाठी. यातून स्वतःच गोळी वाढवणं-कमी करणं नको. मात्र भारतातून आणलेले रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना देताना आकड्याशेजारी माप लिहिलेलं आहे ना, हे पाहा. नुसता आकडा इथल्या सिस्टिममध्ये टाइप झाला तर आलेखावर सरळ उडी दिसते आणि डॉक्टर ती उडी खरी समजू शकतात.

औषधांचंही असंच. आपल्या तोंडी कंपनीचं नाव असतं. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, इकोस्प्रिन, ग्लायकोमेट, थायरोनॉर्म. इथल्या औषधांच्या यादीत ही नावं शोधून सापडत नाहीत, म्हणून नर्स ती मोकळ्या ओळीत टाइप करते. आता सॉफ्टवेअरमधली एक उपयोगी सोय अशी आहे: डॉक्टरांनी नवं औषध लिहिलं आणि ते आधीच्या एखाद्याशी जुळत नसेल, तर पडद्यावर इशारा येतो. पण तो इशारा यादीतून निवडलेल्या औषधांवरच चालतो. मोकळ्या ओळीत लिहिलेलं कॉम्बिफ्लाम त्याला कळत नाही. त्यात आयबुप्रोफेन आहे हे संगणकाला कोण सांगणार? म्हणून गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ नाव सांगा. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. पाकीटच दाखवलंत तर उत्तम. गावाहून आणलेली चूर्णं आणि काढेही सांगा. डॉक्टर हसत नाहीत, आणि हसले तर हसू द्या.

नेहमीच्या गोळ्यांची मागणी पोर्टलवरून करता येते, चिठ्ठी थेट फार्मसीकडे जाते. १ फेब्रुवारी २०२६ पासून डॉक्टरांना योग्य वाटलं तर ते बारा महिन्यांपर्यंतची चिठ्ठी देऊ शकतात, गोळ्या मात्र एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच्या मिळतात. चिठ्ठी वर्षभराची मिळाली तरी बीपी मोजायला वर्षभर जायचं नाही, असा त्याचा अर्थ नाही.

आता तो टेबलावरचा माइक. याला एआय स्क्राइब म्हणतात. मेलबर्नच्या हायडी या कंपनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, इथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या आपत्कालीन विभागांतही ते वापरात आलं आहे. डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून ते नोंदीचा मसुदा तयार करतं आणि डॉक्टरांनी तो वाचून मगच फाइलमध्ये ठेवायचा असतो. माझं मत विचाराल तर ही चांगली सोय आहे. डॉक्टर कीबोर्डकडे पाहण्याऐवजी तुमच्याकडे पाहतात. वापरण्याआधी तुम्हाला विचारायला हवं आणि तुम्ही "नको" म्हणू शकता, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

पण आपलं बोलणं कसं असतं? आई मराठीत सांगते, मुलगा इंग्रजीत भाषांतर करतो, मध्ये डॉक्टर हिंदीत एक प्रश्न विचारतात. "आईला पित्त झालंय" हे वाक्य घ्या. छातीत जळजळतंय, आंबट ढेकर येतायत, हे पित्त. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली, तेही पित्त. डोकं दुखून उलटी झाली, तेही पित्तच. मुलगा घाईत 'अ‍ॅसिडिटी' म्हणतो आणि माइक तेच लिहितो. प्रत्यक्षात अंगावर उठलेलं ते पित्त नव्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर? तसंच चक्कर येणं वेगळं, डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. म्हणून भाषांतर करताना आजाराचं नाव सांगू नका, काय होतंय ते सांगा. आणि पोर्टलवर नोंदी दिसत असतील तर त्या रात्री एकदा वाचा. आठवण ताजी असते.

दुभाष्याचा विषय इथेच. आरोग्यसेवा घेणाऱ्यांच्या हक्कांची जी संहिता इथे १९९६ पासून आहे, तिच्या पाचव्या हक्कात समजेल अशा भाषेत संवाद, आणि गरज असेल व शक्य असेल तिथे दुभाषी, हे आलेलं आहे. दवाखान्याच्या सिस्टिममध्ये त्यासाठी रकाना असतो: दुभाषी हवा का, आणि भाषा कोणती. आईच्या नावापुढे तिथे मराठी लिहून घ्या. हिंदी चालेल असं आपण सवयीने म्हणतो, पण दुखणं सांगताना सातारच्या आजीला हिंदी पुरत नाही. मॅनुकाऊ सुपरक्लिनिकची अपॉइंटमेंट असेल तर पत्र आल्याबरोबर कळवा, त्या दिवशी सकाळी सांगून उपयोग नाही.

या सगळ्याची दुसरी बाजूही आहे. २०२५ च्या अगदी शेवटच्या दिवसांत मॅनेज माय हेल्थवर सायबर हल्ला झाला आणि लाखाच्या वर लोकांची कागदपत्रं चोरांच्या हाती लागल्याची शक्यता कंपनीनेच सांगितली. प्रश्न आला तो मुख्यतः कागदपत्रं साठवण्याच्या कप्प्यात, म्हणजे जिथे आपण होऊन पीडीएफ चढवतो तिथे. आपल्यापैकी पुष्कळांनी भारतातली ती प्लास्टिकची पिशवी स्कॅन करून नेमकी तिथेच ठेवलेली असते! त्याआधी मे २०२१ मध्ये वायकाटोची हॉस्पिटलं अशाच हल्ल्याने कित्येक दिवस कागद-पेनावर आली होती.

मग पोर्टल बंद करायचं का? मला तसं वाटत नाही. खातं बंद केल्याने दवाखान्याच्या संगणकातली फाइल काही नाहीशी होत नाही, फक्त तुम्हाला ती दिसेनाशी होते. करायचं ते एवढंच. पासवर्ड इतर कुठे वापरलेला नको. लॉगिनवेळी फोनवर कोड मागणारी दुहेरी तपासणी चालू करा. दवाखान्याला दिलेले कागद पोर्टलच्या कप्प्यात पुन्हा साठवून ठेवू नका. पासपोर्टची प्रत तर मुळीच नको. आणि सगळ्या घराचा एकच ईमेल, तो बहुधा नवऱ्याचा, ही सवय मोडा. बायकोचे रिपोर्ट बायकोच्या फोनवर यायला हवेत. काही गोष्टी डॉक्टरांना एकटीने सांगायच्या असतात, आणि आपल्या समाजात त्या सांगणं आधीच अवघड असतं.

मुलांचंही तेच. सोळा वर्षांपर्यंत आईवडील मुलाच्या वतीने माहिती पाहू शकतात, त्यानंतर खातं त्याचं स्वतःचं. सोळाव्या वाढदिवसानंतर मुलीचे रिपोर्ट दिसेनासे झाले म्हणून रिसेप्शनवर भांडायला जाऊ नका, तो बिघाड नाही.

नोंदीत काही चुकलेलं सापडलं तर काय? आरोग्य माहितीच्या गोपनीयतेची २०२० ची संहिता आहे. तिच्याप्रमाणे तुम्ही फाइल पाहायला मागू शकता आणि दुरुस्ती मागू शकता. डॉक्टरांना दुरुस्ती पटली नाही तर तुमचं म्हणणं त्या नोंदीला जोडून ठेवायला सांगता येतं, आणि ते त्यांना जोडावं लागतं. लेखी मागा, ईमेल पुरतो.

राहिले भेटीला येणारे आईबाबा. व्हिजिटर व्हिसावर असलेल्यांची अनुदानित नोंदणी होत नाही. ते कॅज्युअल पेशंट, फी पूर्ण, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना पोर्टलही मिळत नाही. पाय घसरून पडले तर एसीसी पाहुण्यांनाही लागू आहे, आजारपणाला मात्र नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पेरेंट बूस्ट व्हिसालाही विमा हीच मुख्य अट आहे. त्यांच्यासाठी निघण्याआधी एक कागद टाइप करून घ्या: औषधांची मूळ नावं आणि डोस, अ‍ॅलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया आणि शेवटचे रिपोर्ट मापांसह. भारतात आभा क्रमांक काढलेला असेल तर काही कागद त्या अ‍ॅपमध्ये असतात, पण इथला दवाखाना ते अ‍ॅप आपल्या संगणकात उघडू शकत नाही. छापील कागदच द्यायचा. इथे पहिल्या भेटीत तो कागद स्कॅन करून घ्यायला सांगा आणि कोणत्या नावाने नोंद झाली ते पडद्यावर स्वतः पाहा.

आणि पोर्टलवरचा मेसेज दवाखाना एक-दोन दिवसांनी वाचतो. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल तर तिथे टाइप करत बसू नका, १११ लावा. तेवढं गंभीर नसेल पण विचारायचं असेल तर हेल्थलाइन, ०८०० ६११ ११६, चोवीस तास, फुकट.